फाइलच्या पोटातली तारीख

मागच्या महिन्यात आपल्या दोन सभासद भावांचं एका एक्सेल फाइलवरून चांगलंच वाजलं. बोट दोघांच्या भागीदारीत आहे. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची उचल असा सगळा हिशेब थोरल्याची मुलगी लॅपटॉपवर ठेवते. वाटे करायला बसले तेव्हा धाकट्याच्या मुलाने फाइलवर राईट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडलं, डिटेल्समध्ये गेला आणि सगळ्यांना दाखवलं: फाइल तयार झाली ५ जून २०१५. बोट तर घेतली २०१९ साली! "दादा, बोट नव्हती तेव्हाचा हिशेब कुठून आला? कुणाची तरी जुनी फाइल उचलून आकडे भरलेत." थोरला गप्प झाला, पोरगी रडकुंडीला आली आणि दोन दिवस भरलेला बर्फ बोटीवरच वितळला.

दोघांनी आम्हाला मध्ये घेतलं म्हणून हे लिहितोय. कुणाची नावं सांगणार नाही. पण आता घरोघरी हिशेब कॉम्प्युटरवर आहेत, तेव्हा ही गोष्ट प्रत्येक बोटमालकाला माहीत हवी.

पोरीने काहीच चुकीचं केलं नव्हतं. विंडोजमध्ये राईट क्लिक करून 'न्यू' मधून एक्सेल शीट घेतली, की कॉम्प्युटर कोरी फाइल नव्याने बनवत नाही. आत ठेवलेल्या एका कोऱ्या नमुन्याची कॉपी देतो. तो नमुना मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी ज्या दिवशी बनवला त्या दिवसाची तारीख कॉपीसोबत येते. ऑफिस २०१६ आणि त्यानंतरच्यात ती ५ जून २०१५ दिसते, त्याआधीच्या जुन्या ऑफिसमध्ये १६ सप्टेंबर २००६. जगभरात लाखो फाइलींवर हीच तारीख आहे. आम्ही संस्थेच्या कॉम्प्युटरवर त्यांच्यासमोरच एक नवी शीट घेतली आणि प्रॉपर्टीज उघडून दाखवलं. ५ जून २०१५! धाकट्याचा मुलगा हसायलाच लागला.

आता नीट समजून घेऊ. एका फाइलला दोन ठिकाणी तारखा असतात.

एक बाहेरची. प्रॉपर्टीज उघडल्यावर पहिल्याच पानावर दिसते ती. ही कॉम्प्युटर लावतो. पेनड्राइव्हवर कॉपी केली, व्हॉट्सॲपवरून डाउनलोड केली, की 'तयार झाली' ही तारीख त्या दिवसाची होऊन बसते. म्हणून तर कधी कधी फाइल 'बदलली' आधी आणि 'तयार झाली' नंतर असं उलटं दिसतं. त्यात काही काळंबेरं नसतं. मासळी एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत ओतली एवढंच.

दुसरी पोटातली. ही फाइलच्या आत लिहिलेली असते, फाइल जाईल तिथे सोबत जाते. डिटेल्सच्या पानावर 'कंटेंट क्रिएटेड' आणि 'डेट लास्ट सेव्ह्ड' म्हणून दिसते, किंवा एक्सेलमध्ये फाइल, मग इन्फो, तिथे उजव्या बाजूला. सोबत कुणी बनवली आणि शेवटी कुणी सेव्ह केली ती नावंही असतात. ही नावं ऑफिसमध्ये भरलेली असतात, त्यामुळे उधन्याच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला असेल तर पहिल्या मालकाचं नाव तुमच्या हिशेबावर येतं. त्यावरूनही भांडणं झालेली आम्ही पाहिलीत.

ही पोटातली तारीख असते कुठे? एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं आहे. फाइलची एक कॉपी करा (मूळ फाइलला हात लावू नका), नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत डॉकप्रॉप्स नावाचं फोल्डर, त्यात कोअर नावाची एक्सएमएल फाइल. ती बाहेर कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडली की क्रिएटेड आणि मॉडिफाइड या दोन शब्दांच्या शेजारी तारीख आणि वेळ इंग्रजी आकड्यांत दिसते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे टी अक्षर, मग वेळ आणि शेवटी झेड.

तो झेड महत्त्वाचा. त्याचा अर्थ ही वेळ आपली नाही, ग्रीनिचची आहे. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आता आपल्या धंद्याचा विचार करा. बोट पहाटे लागते, लिलाव होतो आणि १६ ऑगस्टला पहाटे ४ वाजता कुणी फाइल बनवली, तर आत लिहिलेलं असतं १५ ऑगस्ट, रात्रीचे १०:३०. एक्सेलच्या पडद्यावर ते आपल्या वेळेत बरोबर दिसतं, पण कुणी आतली फाइल उघडून दाखवली तर एक दिवस आधीची तारीख! बंदी उठण्याच्या आसपास असा एक दिवस इकडे तिकडे झाला तर माणसाला घाम फुटेल.

तारीख बदलायची तर नोटपॅडमध्ये आकडे बदला, पद्धत जशीच्या तशी ठेवा, साडेपाच तास वजा करायला विसरू नका, सेव्ह करा आणि फाइल परत त्याच डॉकप्रॉप्समध्ये टाकून जुनीच्या जागी बसवा. मग नावाचा शेवट पुन्हा एक्सएलएसएक्स करा. सगळं गाठोडं सोडून, फोल्डरसकट पुन्हा झिप करू नका, एक्सेल मग फाइल खराब आहे म्हणतो. उघडण्यासाठी पासवर्ड लावलेली फाइल किंवा जुनी एक्सएलएस असेल तर ती अशी झिप म्हणून उघडतच नाही. 'शेवटी सेव्ह' ही तारीख मात्र एक्सेलमध्ये पुन्हा सेव्ह केलं की परत आजची होते. आणि नाव वगैरे नुसतं पुसायचं असेल तर एवढी खटपट नको. फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट यातून वैयक्तिक माहिती काढता येते.

हे कधी करावं? आपल्याकडे एक खरं कारण असतं. जेटीवरच्या खारट हवेत पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधला तो गोल बटणासारखा सेल संपतो, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि महिनाभराच्या फाइलींवर चुकीच्या तारखा बसतात. आधी सेल बदला, बाजारात स्वस्तात मिळतो. मग फाइली दुरुस्त करायच्या तर करा, पण कुठल्या फाइलची कुठली तारीख का बदलली ते एका कागदावर लिहून दोन्ही भागीदारांच्या सह्या घ्या.

आणि मागची तारीख टाकून कागद आधीचा दाखवायचा असेल तर? काहींनी हळूच विचारलंय, म्हणून सरळ सांगतो. खोटा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड बनवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये कागद खोटा करण्यासारखंच बसतं. शिवाय पकडलं जातं, आणि भलत्याच जागी पकडलं जातं. २०१७ साली पाकिस्तानात तेव्हाचे पंतप्रधान नवाज शरीफ यांच्या कुटुंबाची चौकशी चालू होती. मुलगी मरियम यांच्या बाजूने २००६ ची तारीख असलेला एक कागद आला. चौकशीत दिसलं की अक्षर कॅलिब्री आहे, आणि ते अक्षर लोकांसाठी बाजारात आलं २००७ च्या जानेवारीत. तारखेपेक्षा अक्षराने जास्त सांगितलं. तुमच्या फाइलमध्येही अशी खूण राहतेच: डिझेलचा भाव त्या दिवशीचा नसतो, किंवा खलाशी तेव्हा गावाला गेलेला असतो.

कोर्टात काय चालतं तेही थोडं. आपल्या जालन्याचाच खटला आहे. २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी ३ च्या आत उमेदवारी अर्ज भरला की नंतर, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओंचा. १४ जुलै २०२० ला कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे, आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा लांबलचक आकडा, लिहावा लागतो. आत एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. पोटातली तारीख कुणीही पाच मिनिटांत बदलू शकतो, त्यामुळे ती एकटी दाखवून ना कुणी खरा ठरतो, ना कुणी चोर.

आपल्या सुरतेच्या व्यापाऱ्यांचा लाल चोपडा शिवलेला असायचा, मधे पान घालता येत नव्हतं. एक्सेलला ती शिवण नाही, ती आपण घालायची. प्रत्येक फेरीनंतर, वाटे करण्याआधी, फाइल त्याच दिवशी सगळ्या भागीदारांना व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवा. महिन्याला एक प्रिंट काढून सह्या करा. ज्यांना जमतं त्यांनी गूगल शीट्स वापरावी, तिथे कुणी कधी काय बदललं त्याचा इतिहास राहतो.

त्या दोन भावांचं प्रकरणही असंच मिटलं. पुतणी प्रत्येक फेरीची फाइल काकांना पाठवत होती, तीन वर्षं. काकांनी एकही उघडली नव्हती. त्यांच्याच फोनमध्ये सगळ्या तारखांसकट पडून होत्या. आम्ही एकेक उघडून आताच्या फाइलशी ताडून पाहिल्या. फरक निघाला एकाच ठिकाणी, बर्फाच्या ४०० रुपयांचा, आणि तोही काकांच्या बाजूचा. वहिनीने चहा केला. संध्याकाळी दोघे मिळून पुन्हा बर्फ भरायला गेले.