माझं नाव यादीत नव्हतं

जिउ-जित्सूत ब्लू बेल्ट मिळाल्यावर सोडून जाणारे पुष्कळ असतात, त्यांच्याविषयी सगळे बोलतात. त्यापुढच्या पर्पल बेल्टवर रोखून धरलेल्यांविषयी कुणी बोलत नाही. मी त्यातली एक आहे. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरायची वाट बघत बसायची माझी इच्छाही नाही. पुण्यात आज ज्या मुली ब्लू आणि पर्पलवर घाम गाळतायत, त्यांना हे आत्ता कळायला हवं.

आधी एक गोष्ट स्वच्छ करते, कारण माझ्या पाठीमागे 'हिला बेल्टची हाव सुटली होती' असं बोललं गेलं. आयबीजेजेएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू फेडरेशनच्या नियमांप्रमाणे पर्पलवर किमान दीड वर्ष आणि त्यापुढच्या ब्राऊनवर किमान एक वर्ष काढावं लागतं. हे किमान आहे, कुणाचा हक्क नाही. पर्पलवर चार-पाच वर्षं राहणारे चांगले चांगले लोक मी पाहिलेत. वेळ लागला म्हणून माझी तक्रार नाहीच. मला थांबवण्याचं कारण मॅटवर कधी घडलंच नव्हतं, ही माझी तक्रार आहे.

आमचे सर स्वतः ब्राऊन बेल्ट. त्यामुळे ब्राऊन बांधायचे ते बाहेरून येणारे प्रोफेसर, म्हणजे ब्लॅक बेल्ट शिक्षक. ते अधूनमधून ब्राझीलहून यायचे, सेमिनार घ्यायचे आणि शेवटच्या दिवशी प्रमोशन करायचे. कुणाला काय द्यायचं याची यादी सर आधी पाठवायचे. सगळी गोम त्या यादीत होती.

बायकांची बॅच मी घेत होते, लहान मुलांचीही मीच. सकाळी कुलूप उघडण्यापासून मॅट पुसण्यापर्यंत सगळं. त्याचा एक रुपया कधी मिळाला नाही, आणि माझी स्वतःची फी मात्र दर महिन्याला भरत होते. विषय काढला की सर म्हणायचे, "अगं, तू घरचीच ना, घरात कुठे हिशेब असतात?" बेल्टचं विचारलं की, "पुढच्या सेमिनारला बघू." काय कमी पडतंय, असं विचारलं तर एकदा गार्ड पासिंग, मग फिटनेस, मग 'अ‍ॅटिट्यूड'. शेवटी एक कायमचं उत्तर ठरलं: "तू अजून मुलांकडून टॅप होतेस."

होते ना! माझ्यापेक्षा पंचवीस-तीस किलोंनी जड आणि वयाने पंधरा वर्षांनी लहान मुलगा वर बसला तर मी टॅप होणारच. स्पर्धांत वजनाचे आणि वयाचे गट काय उगाच केलेत? यव्होन दुआर्ते यांना १९९० साली ब्लॅक बेल्ट मिळाला, तो मिळवणारी पहिली स्त्री त्या. त्यांनाही कुणी जड पुरुषांना आडवं करून दाखवायची अट घातली असती, तर आज मॅटवर बायका दिसल्या असत्या का? माझ्या वजनाच्या आणि माझ्या बेल्टच्या माणसासमोर मी काय करते, हे सरांनी कधी शांत उभं राहून पाहिलं नाही.

माझं आजोळ कोल्हापूरकडचं. तिकडे तालमीत पैलवानाला पट्टा बांधत नाहीत. मैदानात कुस्ती होते, निकाल गावासमोर लागतो, आणि तो निकाल वस्तादाला खिशात घालता येत नाही. आमच्या खेळात स्पर्धा आहेत, पण पदक आलं तरी बेल्ट येत नाही. लेखी परीक्षा नाही, सगळीकडे चालेल असा अभ्यासक्रम नाही. शिक्षकाची नजर हीच परीक्षा. ती नजर प्रामाणिक असली तर यासारखी सुंदर पद्धत दुसरी नाही, हे मी आजही मानते. ती प्रामाणिक नसली तर दाद कुणाकडे मागायची?

ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले असताना तिथल्या एका अकादमीच्या ओपन मॅटला जाऊन आले. कुणीतरी फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी मी शिकवत असलेल्या मुलांसमोर सर म्हणाले, "ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांनी खुशाल जावं, परत येऊ नये." मग मला 'क्रिओंची' म्हणायला सुरुवात झाली. अकादमी सोडून जाणाऱ्यांना गद्दार ठरवणारी ही शिवी जिउ-जित्सूच्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लसन ग्रेसींनी रूढ केली. ब्राझीलच्या एका टीव्ही मालिकेतल्या पात्राचं ते नाव. पण ज्या मित्सुयो माएदांमुळे ही विद्या ग्रेसींकडे आली, ते देशोदेशी कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले होते. त्यांनी एकाच मॅटला चिकटून राहायचं ठरवलं असतं तर आज सरांकडे शिकवायला काय असतं?

आता माझे डोळे उघडले तो सेमिनार. प्रोफेसरांनी मला रोल करायला बोलावलं. माझा डी ला रिव्हा गार्ड त्यांना आवडला, स्वीप बसला तेव्हा ते मोठ्याने हसले. वेळ संपल्यावर तिथेच मांडी घालून बसले आणि तुटक्या इंग्रजीत विचारलं, पर्पलवर किती वर्षं झाली? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "मला तर कळवलं होतं की तू आता फक्त मुलांना शिकवतेस, स्वतः ट्रेनिंग सोडलंस."

मला काही क्षण त्याचा अर्थच लागेना. मी सरांकडे पाहिलं. ते मोबाईलवर फोटो काढत होते. आमच्या दोघांच्या नजरा आपल्यावर आहेत हे लक्षात आल्यावर ते हसत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रोफेसरांना म्हणाले, "शी इज फॅमिली." त्या दिवशी माझ्यानंतर आलेल्या दोन मुलांना ब्राऊन बांधला गेला. बेल्टचे फटके खात ती मुलं रांगेतून गेली आणि मी टाळ्या वाजवल्या, मनापासून, कारण त्यांचा काही दोष नव्हता. पण इतकी वर्षं 'तू तयार नाहीस' असं ऐकून मी रात्री उशिरापर्यंत एकेक पास घोटत बसले होते, आणि माझं नाव त्या कागदावर कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

नंतर मी सरांना केबिनमध्ये गाठलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ते बोलून गेले, "तुला ब्राऊन दिला की उद्या तू कोथरूडला स्वतःचं काढशील, बायकांची बॅच घेऊन जाशील." यात माझा गार्ड कुठे आला? माझा आर्मबार कुठे आला?

म्हणून सांगते. अकादमीत नाव घालतानाच विचारा, इथे ब्राऊन कोण देतं, ब्लॅक कोण देतं, आणि त्यांची फेडरेशनकडे नोंद आहे का. आयबीजेजेएफच्या हिशेबात ब्लॅक बेल्ट द्यायला शिक्षक स्वतः किमान दुसऱ्या डिग्रीचा ब्लॅक बेल्ट लागतो. विचारण्यात संकोच कसला? तुमच्या आयुष्याची दहा-बारा वर्षं त्यात जाणार आहेत.

फेडरेशनचं सदस्यत्व दरवर्षी नवं करावं लागतं आणि त्याला शिक्षकाची मंजुरी लागते. माझी मंजुरी महिनोन्‌महिने पडून राहायची. पैसे भरले म्हणजे काम झालं असं समजू नका. नोंद झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि जपून ठेवा, कारण किमान काळ मोजताना ती नोंद लागते.

'काय कमी आहे' हा प्रश्न मॅटच्या कडेला विचारू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. उत्तराला तारीख राहते. दर वेळी उत्तर बदलत असेल, तर कमी तुमच्यात नाही.

शिकवायला सांगितलं तर मानधन ठरवा, निदान फी माफ करून घ्या, आणि तेही लेखी. 'घरचीच' म्हणणाऱ्याकडून तर आधी.

पर्पलवर असतानाच पायाच्या लॉक्सचा बचाव शिका. गीमध्ये नीबार, टो होल्ड, काफ स्लायसर हे सगळं ब्राऊनपासून चालू होतं, आणि अ‍ॅडल्ट गटात सामना सात मिनिटांवरून आठ मिनिटांचा होतो. मला हे शिकवायचं सरांनी टाळलं, "तुला काय गरज?" म्हणून. विश्वासातला जोडीदार निवडा, सावकाश करा, लवकर टॅप करा. गुडघा दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. बाकी झोप, जेवण, ताकदीचा व्यायाम हे आहेच. आणि धीर सोडू नका.

दुसरीकडे ओपन मॅटला जायची बंदी असेल तर ती अकादमी सोडा. मी सोडली. नव्या ठिकाणच्या शिक्षकांनी मला लगेच काही दिलं नाही, आणि ते मला आवडलं. त्यांनी माझ्याशी रोल केलं, माझ्या सामन्यांना कोपऱ्यात उभे राहिले, हाफ गार्डमधली माझी एक जुनी खोड मोडून काढली, आणि मग एका साध्या सोमवारी क्लास संपल्यावर ब्राऊन बांधला. सेमिनार नाही, बॅनर नाही.

जुन्या अकादमीच्या बायकांच्या बॅचच्या जाहिरातीवर मात्र माझाच फोटो आहे. काढा म्हणून लेखी कळवलं, उत्तर आलं नाही. तेव्हा फोटो वापरायची परवानगीसुद्धा मुदत घालून द्या, आणि अकादमी सोडताना ती त्याच दिवशी लेखी रद्द करा.