फ्रेंच क्रियाविशेषणातले ‘मन’

फ्रेंच विषय घेतलेल्यांना श्रुतलेखनाची धास्ती का वाटते, हे ‘लाँत्माँ’ (हळूहळू) या एका शब्दावरून समजेल. कानाला अवयव दोनच ऐकू येतात, लाँत् आणि माँ. कागदावर मात्र तीन लिहावे लागतात, लाँ-त-माँ. मधला ‘अ’ उच्चारात गळतो. आपण तरी ‘चमचा’ तीन अक्षरी लिहून ‘चम्-चा’च म्हणतो ना!

हा ‘अ’ आला कोठून? नियम सांगतो की विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्यावे आणि त्याला ‘माँ’ जोडावा. ‘दू’ म्हणजे मृदू, स्त्रीलिंगी ‘दूस’, म्हणून ‘दूस्माँ’. पण स्त्रीलिंगीच का? याचे उत्तर लॅटिनमध्ये आहे. ‘माँ’ हा मुळात प्रत्यय नव्हेच, तर ‘मेन्स’ म्हणजे मन या नामाची ‘मेन्ते’ ही विभक्ती, अर्थात ‘मनाने’. आपल्या ‘मन’ आणि ‘मति’ यांचे ते जुने भाऊबंद. ‘मेन्स’ स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणही स्त्रीलिंगी झाले. आपण ‘मोकळ्या मनाने’ म्हणतो, तशीच ही रचना. स्पॅनिशमध्ये दोन क्रियाविशेषणे जोडताना ‘मेन्ते’ एकदाच, शेवटी लावतात. म्हणजे तेथे त्याचे शब्दपण अजून पुरते गेलेले नाही. फ्रेंचमध्ये ते दोन्हीकडे लावावेच लागते.

आता वर्गात अपवाद म्हणून पाठ करून घेतली जाणारी रूपे पाहू. ‘प्र्यूदाँ’ (सावध) याचे ‘प्र्यूदाँत्माँ’ न होता ‘प्र्यूदामाँ’ होते. माझ्या मते याला अपवाद म्हणणे अन्यायाचे आहे. या गटातल्या लॅटिन विशेषणांचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच होते; मग वेगळा ‘अ’ येणार कोठून? शेवटचा ‘त’ गळाला, ‘न’ पुढच्या ‘म’मध्ये मिसळला आणि ‘म’ दोनदा लिहिला जाऊ लागला. त्यामागचे अक्षर ‘ए’चे असले तरी उच्चार ‘आ’च. ‘लाँ’ दिसायला याच गटातला, पण त्याला लॅटिनमध्येच वेगळे स्त्रीलिंगी रूप होते, म्हणून तो सरळ वाटेने गेला.

स्वरान्त विशेषणांत हा ‘अ’ लिखाणातूनही गेला: ‘व्रे’ (खरा), ‘व्रेमाँ’. ‘आसिद्यूमाँ’ या शब्दात मात्र ‘यू’च्या डोक्यावर टोपी राहिली, गेलेल्या स्वराच्या नावाने वाढलेले श्राद्धाचे पानच ते! १९९०च्या लेखनसुधारणेने ती टोपी ऐच्छिक केली.

उलट ‘ज्यूस्तमाँ’मध्ये ‘अ’ बोलतानाही टिकतो. तो गाळला तर स, त, म ही तीन व्यंजने एकत्र येऊन जीभ अडखळते, म्हणून ज्यूस्-त-माँ असे तीन अवयव. ‘रापीद्माँ’मध्ये दोनच व्यंजने भेटतात, तेव्हा तो खुशाल जातो. अभिजात फ्रेंच कवितेत मात्र हे सर्व ‘अ’ मोजावेच लागतात. तेथे ‘लाँत्माँ’ पुन्हा तीन अवयवांचा होतो.