कोणता कोपरारक्षक ठेवावा?

प्रश्न : आमच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यासाठी दोघे आहेत. एक अनुभवी, पण गुडघा दुखरा; दुसरा एकोणीस वर्षांचा, उतावळा. बारा जणांत जागा एकच उरली आहे. कोणाला ठेवू?
– एक वाचक, असोदा

उत्तर : आधी वही काढा. पकडींचे गुण सगळेच लिहितात, तुम्ही फसलेल्या पकडीही लिहा. दहा प्रयत्नांत पाच पकडी करणारा विसांत सहा करणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. फसलेली पकड समोरच्याला गुण देते, वर आपला गडी बाहेर बसवते. मग जोडी बघा. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारचा किती लवकर धावतो? ही सवय मोडली, तर नवा गडी कितीही चपळ असो, उपयोग नाही.

आणि जमलेला गडी सोडण्याआधी एक उदाहरण बघा. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली, त्यात इराणच्या मोहम्मदरझा शाडलुईचा मोठा वाटा होता. पुढच्या हंगामाआधी त्याला सोडले. हरियाणा स्टीलर्सने त्याला २.०७ कोटींना घेतले आणि डिसेंबरात जेतेपदही मिळवले. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. तिथे निदान पैशाची मर्यादा असते. तुम्हाला ती नाही, मग राखीव पाचांत तीन चढाईपटू असतील, तर एक कमी करा, दोघेही कोपरारक्षक ठेवा. सुरुवात पोराने करावी. शेवटच्या दहा मिनिटांत, गुडघा साथ देत असेल तर, अनुभवी गडी उतरवा.