सही घेण्याआधी

चि. बाळ यास,


काल गावाकडून फोन आला. दादाच्या वर्षश्राद्धाला ताई येईल तेव्हाच जमिनीच्या कागदावर तिची सही उरकून घ्यायची, असं तू म्हणालास म्हणे. "नुसतं नाव कमी करायचंय." ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

नाव कमी करणं नव्हे ते, बाळ. वारस नोंद म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात दादाच्या जागी तुम्हा तिघांची नावं लागणं. ती लागायची राहिली तरी हक्क बुडत नाही. हक्कसोडपत्र निराळं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलं, की हक्कच गेला. ताईला हा फरक कोणी सांगितलाय का?

वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाच्या बरोबरीनं हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्येच दिला, साऱ्या देशात तो 2005 मध्ये आला. ताईचं लग्न तर त्यानंतरचं. आणि विहिरीकडचा तुकडा दादाचा स्वकष्टार्जित, म्हणून मुलाचाच, असं कोणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल तर तेही खोटं. दादानं मृत्युपत्र केलेलं नाही. 1956 च्या कायद्यानं त्यात वहिनी, ताई आणि तू, तिघांचा सारखा हिस्सा. 'हिस्सा' हा शब्द दादा फक्त भांडणात वापरायचा. आंबे कापताना म्हणायचा, "ताईचा वाटा काढून ठेवा."

माझ्याही हक्कसोडपत्रावर 'राजीखुशीने' लिहिलं होतं. तुझ्या आजोबांचे, अण्णांचे, दिवस नुकतेच झालेले. पुढं साडीचोळीही झाली. जमिनीचं दुःख नव्हतं रे मला. एका शब्दानं कोणी विचारलं नाही, ते लागलं. नंतर माहेरी आले, की परसातला कढीपत्ता तोडायलाही मी विचारायची. दादाशी हे बोलायचं राहूनच गेलं.

म्हणून सांगते, श्राद्धाच्या दिवशी सही नको. त्या दिवशी ती कशालाही हो म्हणेल.

फार बोलले. सोसायटीचं कर्ज तू एकटा फेडतोस, वहिनीचं औषधपाणी बघतोस, शेतात राबतोस, हे मला दिसतं. तेच ताईपाशी मोकळेपणानं बोल. तिला तुझी ओढाताण कुठं ठाऊक आहे? मग ती हक्क सोडो की ठेवो. विचार करायला तिला वेळ दे.

मी आदल्या दिवशीच येते. मेतकूट केलंय, तुझ्यासाठी वेगळा डबा भरलाय. फार वाळलायस म्हणतात. रात्री मोटर चालू करायला एकटा जाऊ नकोस, आणि वेळेवर जेवत जा रे.

तुझी,
आत्या