सामायिक वाहिन्यांचा मागोवा : ट्रंक रेडिओ आणि स्कॅनर

जुन्या पिढीतील वाचकांना ‘ट्रंक कॉल’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. परगावी दूरध्वनी करावयाचा तर आधी क्रमांक नोंदवावयाचा आणि मग जोडणी मिळेपर्यंत वाट पाहात बसावयाचे, असा तो अनुभव होता. दोन गावांच्या दूरध्वनी केंद्रांना जोडणाऱ्या तारा मोजक्याच असत. प्रत्येक ग्राहकासाठी परगावापर्यंत वेगळी तार टाकणे शक्य नव्हते. म्हणून त्या थोड्या तारा सर्वांनी मिळून वापरावयाच्या आणि ज्या क्षणी जी तार मोकळी असेल ती मागणाऱ्याला द्यावयाची, अशी व्यवस्था होती. या सामायिक तारांनाच ट्रंक म्हणत. बिनतारी संदेशवहनात तारांची जागा कंप्रता घेतात. तत्त्व मात्र तेच राहते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि रस्ते-दुरुस्ती खाते यांचे बोलणे आज मोठ्या प्रमाणावर अशाच ट्रंक पद्धतीने चालते. हे बोलणे ऐकण्यासाठी तेथील नागरिक आणि वार्ताहर स्कॅनर नावाचा ग्राही वापरतात. ही पद्धत कशी चालते आणि तिचा मागोवा घेण्यासाठी स्कॅनर कसा सिद्ध करावा लागतो, हे या प्रकरणात पाहू.

सामायिक वापराचा लाभ

पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःची एक कंप्रता दिलेली असे. अग्निशामक दलाची वाहिनी दिवसातील बहुतेक वेळ मुकी राही; आग लागली की मात्र त्याच एका वाहिनीवर सर्वांची गर्दी होई. शेजारच्या खात्याची वाहिनी त्या वेळी रिकामी असली तरी तिचा काही उपयोग नसे. शिवाय दोन खात्यांना परस्परांशी बोलता येत नसे, ही अडचण निराळीच. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एक प्रवासी विमान गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळले, तेव्हा मदतीला धावलेल्या निरनिराळ्या दलांना एकमेकांशी रेडिओवर बोलणे कठीण झाले. हा प्रसंग पुढे अनेक वर्षे उदाहरण म्हणून सांगितला जाई.

वाहिन्या एकत्र केल्याने किती लाभ होतो, याचे गणित बरेच आधी मांडले गेले होते. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ व १९१७ साली यासंबंधीचे निबंध प्रसिद्ध केले. एक वाहिनी अखंड व्यापलेली असेल तर तिच्यावरील भार एक एर्लांग धरतात. शंभरापैकी नव्याण्णव मागण्या तत्काळ पुऱ्या व्हाव्यात अशी अट घातली, तर पाच वाहिन्यांचा गट सुमारे १.३६ एर्लांग भार वाहू शकतो. असे चार स्वतंत्र गट केले तर वीस वाहिन्यांवर एकूण ५.४ एर्लांग भार मावतो. त्याच वीस वाहिन्या एकत्र केल्या की हा आकडा सुमारे १२ एर्लांगवर जातो. एकही नवी कंप्रता न वापरता क्षमता दुपटीहून अधिक होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्यक्ष ट्रंक पद्धतीत मागणी नाकारण्याऐवजी ती रांगेत ठेवतात. तरी निष्कर्ष बदलत नाही.

अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने १९७४ साली ८०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा अशा सेवांसाठी खुला केला. या पट्ट्यात आज मनोऱ्यावरील प्रेषक ८५१ ते ८६९ मेगाहर्ट्‌झ या दरम्यान बोलतात, तर हातातील वा गाडीतील संच त्याहून ४५ मेगाहर्ट्‌झ खाली, म्हणजे ८०६ ते ८२४ या दरम्यान. ऐकणाऱ्याला बहुधा मनोऱ्याचीच कंप्रता उपयोगी पडते, कारण मनोरा उंच असतो आणि तो संचांचे बोलणे पुन्हा प्रक्षेपित करतो.

नियंत्रण वाहिनी

या पद्धतीचे मर्म नियंत्रण वाहिनीत आहे. बहुतेक ट्रंक प्रणालींत एक वाहिनी बोलण्यासाठी वापरली जात नाही. तिच्यावरून रात्रंदिवस अंकीय संदेश वाहात असतात. मोटोरोला कंपनीच्या जुन्या प्रणालीत त्यांचा वेग सेकंदाला ३,६०० बिट होता. १९८९ साली आरंभ झालेल्या ‘प्रोजेक्ट २५’ या मानकात तो ९,६०० बिट आहे.

समजा, एका अग्निशामकाने आपल्या संचाचे बटण दाबले. संच क्षणार्धात नियंत्रण वाहिनीवर मागणी पाठवितो : ‘मी अमुक क्रमांकाचा संच, मला अमुक गटाशी बोलावयाचे आहे.’ केंद्रातील संगणक मोकळी वाहिनी निवडतो आणि जाहीर करतो : ‘या गटाने अमुक वाहिनीवर जावे.’ त्या गटाचे सर्व संच तत्काळ त्या कंप्रतेवर जातात आणि बोलणे संपताच नियंत्रण वाहिनीवर परततात. हा सर्व व्यवहार सेकंदाच्या अंशात उरकतो. बोलणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही.

अशा एकत्र बोलणाऱ्या मंडळींच्या समूहाला टॉकग्रुप म्हणतात. त्याला ठरावीक कंप्रता नसते, केवळ क्रमांक असतो. प्रोजेक्ट २५ मध्ये हा क्रमांक सोळा बिटांचा असल्याने सुमारे ६५,००० गट शक्य होतात. मोठ्या आपत्तीत निरनिराळ्या खात्यांना एकाच गटावर आणता येते, आणि वर सांगितलेली अडचण बरीचशी दूर होते.

साधा स्कॅनर का अपुरा पडतो

साधा स्कॅनर दिलेल्या कंप्रता एकामागून एक तपासतो आणि जेथे बोलणे सापडेल तेथे थांबतो. ट्रंक प्रणालीत त्याची फसगत होते. अग्निशामकाचा प्रश्न एका कंप्रतेवर ऐकू येतो. त्याचे उत्तर दुसऱ्याच कंप्रतेवर जाते. आणि पहिल्या कंप्रतेवर तोवर रस्ते खात्याचा मुकादम बोलू लागलेला असतो. ऐकणाऱ्याच्या हाती वाक्यांचे तुकडे तेवढे राहतात.

उपाय तर्काने सुचण्यासारखा आहे. संचांना जे संदेश मिळतात तेच स्कॅनरनेही वाचावेत आणि त्यांच्या मागोमाग जावे. १९९७ साली युनिडेन कंपनीने ‘बेअरकॅट २३५’ हा असा मागोवा घेणारा पहिला स्कॅनर बाजारात आणला. त्याला फक्त मोटोरोला प्रणालीचे ध्वनिरूप बोलणे समजे. अंकीय बोलणे उलगडणारे स्कॅनर त्यानंतर काही वर्षांनी आले.

स्कॅनर सिद्ध करण्याचा क्रम

पहिली पायरी प्रणालीचा प्रकार ओळखण्याची. प्रोजेक्ट २५ साठी अंकीय स्कॅनरच लागतो. या मानकाच्या दुसऱ्या टप्प्यात एकाच वाहिनीचे कालखंड पाडून दोन संभाषणे चालवितात. ते समजण्याची सोय आपल्या स्कॅनरमध्ये आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. एडॅक्स नावाच्या जुन्या प्रणालीत वाहिन्यांना क्रमांक असतात आणि त्या त्याच क्रमाने भराव्या लागतात. क्रम चुकला तर स्कॅनर भलत्याच कंप्रतेवर जातो. एलटीआर या प्रणालीत वेगळी नियंत्रण वाहिनी नसते. बोलण्याच्या खालीच, कानाला न जाणवणाऱ्या नीच स्वरात, सूचना दिलेल्या असतात.

दुसरी पायरी नियंत्रण वाहिनी शोधण्याची. संघीय आयोगाचे परवाने सार्वजनिक असतात आणि त्यांत कंप्रता नोंदलेल्या असतात. त्या एकेक करून ऐकाव्यात. जेथे बोलणे नाही, पण एकसारखा खरखरीत गुणगुणाट क्षणभरही न थांबता चालू आहे, ती नियंत्रण वाहिनी समजावी. मोटोरोला व प्रोजेक्ट २५ प्रणालींत हे काम पाळीपाळीने करणाऱ्या राखीव वाहिन्याही असतात. त्या सर्व भराव्यात. नाही तर एखाद्या दिवशी वाहिनी बदलली की स्कॅनर मुका होतो आणि नवशिक्याला तो बिघडल्यासारखे वाटते.

मग बोलण्याच्या कंप्रता भरावयाच्या नाहीत काय? प्रोजेक्ट २५ मध्ये बहुधा त्यांची गरज पडत नाही. नियंत्रण वाहिनी स्वतःच आधार-कंप्रता व अंतर जाहीर करते आणि वाहिनीचा केवळ क्रमांक सांगते. उदाहरणार्थ, आधार ८५१.००६२५ मेगाहर्ट्‌झ, अंतर ०.००६२५ मेगाहर्ट्‌झ आणि वाहिनी क्रमांक ५०१ असेल, तर ५०१ ला ०.००६२५ ने गुणून ३.१३१२५ येतात. ते आधारात मिळविले की ८५४.१३७५ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता मिळते. स्कॅनर हे गणित प्रत्येक वेळी स्वतः करतो.

तिसरी पायरी टॉकग्रुपांची. प्रथम स्कॅनर सर्व गट ऐकण्याच्या स्थितीत ठेवावा आणि काही दिवस जवळ वही बाळगावी. कोणत्या क्रमांकावर कोण बोलते, हे पत्त्यांवरून, गाड्यांच्या नावांवरून, बोलण्याच्या रीतीवरून हळूहळू उमगते. मग हवे ते क्रमांक नावांसह साठवून केवळ तेवढेच ऐकण्याची सोय करावी. प्रत्येक बोलण्यानंतर स्कॅनरने सुमारे दोन सेकंद थांबावे अशी व्यवस्था ठेवावी, म्हणजे उत्तर निसटत नाही.

चौथी पायरी आकाशकाची. ८५५ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. म्हणून पाव तरंगाचा आकाशक जेमतेम नऊ सेंटिमीटरचा होतो. तो लहान असला तरी चालतो; पण तो खिडकीजवळ, शक्य तर उंचावर असावा.

ऐकू येत नसेल तेव्हा

सर्व क्रमांक बिनचूक भरूनही एखादा गट ऐकू येत नाही. याचे एक कारण नवशिक्यांना सहसा ठाऊक नसते. मिशिगन राज्याची सार्वजनिक सुरक्षा प्रणाली दोनशेहून अधिक मनोऱ्यांवर पसरलेली आहे. प्रत्येक बोलणे प्रत्येक मनोऱ्यावरून प्रक्षेपित करणे म्हणजे वाहिन्यांची उधळपट्टी होय. म्हणून सामान्यतः ज्या मनोऱ्यावर त्या गटाचा निदान एक संच नोंदलेला असेल, तेथूनच बोलणे प्रक्षेपित होते. आपल्या जवळच्या मनोऱ्याच्या क्षेत्रात त्या गटाचे कोणी नसेल, तर स्कॅनर कितीही चांगला असला तरी ऐकू येण्यासारखे तेथे काहीच नसते.

दुसरे कारण एककालिक प्रक्षेपणाचे. कित्येक शहरांत अनेक मनोरे तोच संदेश त्याच कंप्रतेवर एकाच वेळी पाठवितात. रेडिओ-तरंग एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. दोन मनोऱ्यांच्या अंतरात १५ किलोमीटरचा फरक असेल तर दुसरा संदेश ५० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. अंकीय संदेशातील एका चिन्हाचा अवधी सुमारे २०८ मायक्रोसेकंद असतो. त्याचा पाव भाग असा गोंधळात गेला की शब्द तुटू लागतात. येथे मोठा आकाशक लावल्याने दोष उलट वाढतो. एका मनोऱ्याकडे रोखलेला दिशिक आकाशक वापरणे किंवा स्कॅनरची जागा हातभर बदलून पाहणे अधिक उपयोगी ठरते. २०१८ पासून हा दोष सोसू शकणारे स्कॅनरही मिळू लागले आहेत.

तिसरे कारण कूटलेखनाचे, आणि त्याला उपाय नाही. गटाचे बोलणे कूटबद्ध असेल तर स्कॅनर ते उलगडू शकत नाही, आणि उलगडण्याचा प्रयत्न करणे अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा आहे.

ऐकण्याच्या मर्यादा

१९८६ च्या अमेरिकन कायद्याने सर्वांना सहज ऐकता येणारे, कूटबद्ध नसलेले पोलीस व अग्निशामक दलांचे बोलणे ऐकण्यास मुभा ठेवली. मात्र ऐकलेल्या माहितीचा स्वतःच्या लाभासाठी उपयोग करण्यावर १९३४ च्या संदेशवहन कायद्याने बंधने घातली आहेत. भ्रमणध्वनीच्या कंप्रता ऐकू शकणारे स्कॅनर बनविणे व आयात करणे १९९४ पासून बंद झाले. न्यूयॉर्क राज्यात पोलीस-कंप्रता ऐकणारा ग्राही विनापरवाना मोटारीत बसविता येत नाही.

भारतातील वाचकांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. दिल्ली मेट्रोसारख्या सेवा टेट्रा नावाची ट्रंक पद्धत वापरतात. पण आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगण्यास मनाई केली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत अनुमतीची अट कायम राखली आहे. म्हणून येथे दिलेला क्रम तत्त्व समजावे यासाठी वाचावा. तो येथे प्रयोग करण्याचे आमंत्रण नव्हे.

अमेरिकेतही चित्र बदलत आहे. २०२३ पासून न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी आपले बोलणे कूटबद्ध करण्यास आरंभ केला. इतर अनेक शहरांनी त्याआधीच तसे केले होते. पोलीस सांगतात की, गुन्हेगार आमचे बोलणे ऐकून निसटतात, आणि जखमींची नावे व प्रकृती ही गावभर ऐकू जाण्याची गोष्ट नव्हे. वार्ताहर उत्तर देतात की, घटना घडत असताना स्वतंत्रपणे जाणण्याचे साधन गेले तर पुढे अधिकारी जे सांगतील तेवढ्यावरच विसंबावे लागेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. काही ठिकाणी तपासाचे गट कूटबद्ध ठेवून अग्निशामक दलाचे व नित्याच्या कामाचे गट मोकळे ठेवतात.

तात्पर्य, वाहिन्या एकत्र कशा वापराव्यात, हा प्रश्न गणिताने सुटला. त्या कोणी ऐकाव्यात, हा प्रश्न गणिताचा नाही. तो प्रत्येक समाजाने आपल्या कायद्याने आणि विचाराने सोडवावयाचा आहे.