पाय कोरडा ठेवायचा कुठे?



शुगरच्या माणसाला पायाची जखम झाली की आम्ही नर्स मंडळी ठरलेलं सांगतो : रोज ड्रेसिंग करा, पाय कोरडा ठेवा, पायावर भार देऊ नका. गेल्या हिवाळ्यात बीडच्या स्टँडवर एक बाबा भेटले. उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. आता कोयता पेलवत नाही म्हणून मुकादम उचल देत नाही, गावातलं घर पडलेलं. खिशातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर हेच सगळं लिहिलेलं होतं. गोळ्याही पिशवीत होत्या. छप्पर नव्हतं. जखमेत अळ्या झाल्या होत्या.

दिल्लीत ऐन थंडीत बेघरांचा तंबू पाडला गेला, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने चोवीस तास, बारा महिने चालणारे निवारे उभारायला सांगितलं. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम आला : १ लाख वस्तीमागे किमान १०० बेघरांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, अंथरूण. २०११ च्या जनगणनेत बीड शहर १ लाख ४६ हजारांवर होतं. हिशेब तुम्हीच करा.

तर वस्तीतल्या बायाबापड्यांनी काय करायचं? असा माणूस दिसला तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं धुतलेलं कापड बांधा. हळद, तंबाखू, राख काही भरू नका. शेकू तर मुळीच नका, शुगरच्या पायाला चटका कळत नाही. वास येतो, बोट काळं पडलं, ताप आहे, तर त्याच दिवशी १०८ ला फोन. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि कारखान्याला जाताना आधी सांगितलं तर नोंद तिकडच्या दवाखान्यात बदलून मिळते.

दुसरं काम कागदाचं. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा : निवारा कुठे आहे, खाटा किती, बायांची सोय वेगळी आहे का? माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच घ्यायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो.

बाबांची दोन बोटं काढावी लागली. जखम भरेपर्यंत ते आमच्या विहारात झोपले. त्यावर दोघे-तिघे कुरकुरले. अतिसाराने पडलेल्या भिक्खूची तथागतांनी स्वतः सेवा केली, याची आठवण करून द्यावी लागली. पण कुरकुर अगदीच खोटी नव्हती. विहाराला संडास नाही, एकच खोली, सकाळी तिथेच लेकरांचा वर्ग भरतो. आमच्या अर्जात पहिला प्रश्न आता तोच आहे : बाबांसाठी शहरात खाट कुठे?