कर्णनाद आणि नैराश्यावरील औषधे

रात्री घरातील सर्व व्यवहार शांत झाल्यावर एखाद्याच्या कानात रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते. बाहेर मात्र कोणताही आवाज नसतो. या लक्षणास कर्णनाद म्हणतात. कानात साचलेला मळ, वाढत्या वयातील बहिरेपणा, यंत्रांचा सततचा गोंगाट, ॲस्पिरिनची मोठी मात्रा ही त्याची परिचित कारणे होत. नैराश्यावरील औषधांशीही त्याचा संबंध येतो; तो तीन प्रकारचा आहे.

पहिला संबंध आजाराशीच आहे. कर्णनादाने झोप उडते व मन खचते. खचलेल्या मनाला तोच नाद अधिक असह्य होतो. म्हणून प्रत्येक वेळी दोष औषधाचाच असतो असे नाही. दुसरा संबंध दुष्परिणामाचा. काही रुग्णांना औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर नाद जाणवू लागतो. यांपैकी अनेक औषधे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचे कार्य वाढवितात. अमेरिकेतील ओरेगॉन येथे उंदरांवर झालेल्या व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सेरोटोनिनमुळे श्रवणमार्गातील काही पेशी अधिक उत्तेजित होतात, असे आढळले. माणसाच्या बाबतीत हा केवळ एक संकेत मानावा. तिसरा संबंध औषध एकाएकी बंद करण्याचा. त्यामुळे चक्कर, अस्वस्थता व निद्रानाश यांबरोबर कर्णनादही उद्भवू शकतो.

ही औषधे कर्णनादावर गुणकारी आहेत काय? कॉक्रेन या संस्थेच्या 2012 मधील आढाव्यात 6 चाचण्या व 610 रुग्ण विचारात घेतले गेले. तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही. परंतु नैराश्य असेल, तर त्याचे उपचार अत्यावश्यकच आहेत.

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते. "गोळ्यांनी कान बिघडले" अशा समजुतीने औषध परस्पर सोडल्यास नैराश्य उलटण्याचा धोका असतो. नाद केव्हा सुरू झाला आणि औषध केव्हा सुरू झाले वा बदलले, याची तारीखवार नोंद करून रुग्णाने ती डॉक्टरांना दाखवावी. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे काम डॉक्टरांचे आहे. कानाची तपासणीही करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाल्यास किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर नाद होत असल्यास विलंब करू नये. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

कानातील नादाची तक्रार हसण्यावारी नेऊ नये आणि तिच्या भीतीने चालू उपचारही मोडू नयेत.